ठाण्यात कासवाला झोपवू नका

पाळीव कासवांच्या हिवाळ्यातल्या काळजीवर एक लेख वाचला. थंडी सुरू झाली की कासवाला सुक्या पानांच्या खोक्यात ठेवा, ते शीतनिद्रेत (थंडीभरच्या लांब झोपेत) जाईल, असं त्यात म्हटलंय. युरोपातल्या हर्मन कासवाला हे लागू पडतं, कारण तिथे त्याला महिनोन्‌महिने ५ अंशांच्या आसपास ठेवता येतं. आमचं गणू हे सुलकाटा जातीचं कासव, मूळ आफ्रिकेतलं, ते शीतनिद्रा घेतच नाही. आणि ठाण्याची थंडी ती केवढी! दुपारी तीस-बत्तीस, पहाटे पंधरा-सोळा. म्हणजे कासव धड झोपत नाही, धड जागंही राहत नाही. पोटात अन्न असतं, पण अंग गार असल्याने ते पचत नाही.

आम्ही ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो. इथे पहाटेचा गारवा शहरापेक्षा जास्तच, वर दव. मागच्या डिसेंबरात गणूला दोन रात्री अंगणातच राहू दिलं (आळस, दुसरं काय), तर नाकातून बुडबुडे आणि तोंड उघडं टाकून श्वास! डॉक्टरांकडे धावावं लागलं. आता ऊन उतरलं की तो घरात. थंडीपेक्षा थंड ओल वाईट, त्यामुळे खालचं गवत कोरडं हवं. सकाळी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवलं की स्वारी खूश.

एक राहिलंच. लेखातल्या फोटोतलं, पाठीवर ताऱ्यांसारखी नक्षी असलेलं कासव भारतीय तारांकित कासव (स्टार टॉर्टॉइज) दिसतंय. ते आपल्याकडे पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. लेखात हे लिहायला हवं होतं. सुलकाटासारख्या परदेशी कासवांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.