‘सामानासकट घर रोखीनं देऊन टाका’ हा सल्ला का ऐकू नये

आईवडील गेल्यावर किंवा थकल्यावर मागे उरलेल्या, सामानानं गच्च भरलेल्या घरांबद्दल एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. घर उपसत बसू नका, आहे तसं, सामानासकट, रोख पैसे देणाऱ्याला विकून मोकळे व्हा. आवराआवरीचा खर्च वाचतो, बँकेची कटकट नाही, कर कमी बसतो, आठवड्यात पैसे हातात येतात आणि पुढची जबाबदारी शून्य, असं त्यात म्हटलेलं असतं.

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीची सचिव म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे. असे व्यवहार आणि त्यानंतर हळहळणारी मुलं जवळून पाहिली आहेत, म्हणून यातला एकेक मुद्दा घेते.

‘आत नुसता कचरा असतो.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. आमच्याकडचे एकटे राहणारे एक निवृत्त गृहस्थ वारले, तेव्हा त्यांच्या मुलीनं दार उघडताना मला बोलावून घेतलं. दार अर्धंच उघडत होतं, कारण मागे छताला टेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या, औषधांचे रिकामे खोके, बंद पडलेले मिक्सर, आणि मोरीपर्यंत जायला एका माणसापुरती वाट. भाचा म्हणाला, टेम्पो बोलावू आणि सगळं भरू. मुलीनं मात्र प्रत्येक गठ्ठा सोडून बघायचा हट्ट धरला. विजेच्या बिलांच्या एका गठ्ठ्यात, वितळून कागदाला चिकटलेल्या रबरबँडखाली, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट निघालं. फ्लॅटचा मूळ करारनामा शर्टाच्या खोक्यात होता, त्याच्याखाली बँकेच्या मुदत ठेवीच्या पावत्या आणि दोन कंपन्यांचे कागदी शेअर.

साठवत राहणारा माणूस महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे कागद वेगळे ठेवत नाही. त्याला सगळेच महत्त्वाचे वाटतात, म्हणून सगळे एकत्रच असतात. ज्या ठेवीला १० वर्षं कोणी हात लावलेला नाही तिचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. ते वारसांना परत मागता येतात आणि शोधायला २०२३ पासून ‘उद्गम’ हे पोर्टलही आहे. सलग ७ वर्षं लाभांश न उचललेले शेअर सरकारी निधीत जातात, तेही सोडवता येतात. पण मुळात ते होते हे कळायला कागद दिसावा लागतो.

आणि घर विकण्याचाच विचार केला तरी गाठ याच कागदांशी आहे. खोलीत अडगळ आहे म्हणून बँक कर्ज नाकारत नाही. मूळ करारनामा, आधीच्या खरेदीचे कागद, शेअर सर्टिफिकेट यांतलं काही कमी असलं की अडतं. कर्ज काढून घेणारं गिऱ्हाईक मग गळतं, रोखवाला तेवढा उरतो, आणि तो तुमची अडचण ओळखून भाव पाडतो. म्हणजे ज्या कागदांअभावी भाव पडतो ते ज्या ढिगात दडलेले आहेत तोच ढीग तुम्ही त्याला फुकट देता. करारनामा खरंच हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल, असा रस्ता आहे. वेळ जातो, पण लाखांत भाव पाडून घेण्यापेक्षा तो बरा.

‘आवरण्याचा खर्च वाचतो.’ रद्दीवाला आणि भंगारवाला उलट काही पैसे देऊनच नेतात. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे, ती जुनं सामान आणि ई-कचरा घेते. रंग, नवी फरशी, स्वयंपाकघराचं नूतनीकरण यांवर खर्च करू नका, हे त्या सल्ल्यातलं म्हणणं मला पटतं. घेणारा हे सगळं स्वतःच्या आवडीनं करतोच.

‘रोखीत कर कमी.’ इथे माणसं खरोखर गोत्यात येतात. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारता येत नाही. स्वीकारली तर जितकी घेतली तितकाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला. १५ लाख कॅशमध्ये घेतले आणि उघडकीला आले तर १५ लाखच गेले समजा, वर नफ्यावरचा कर वेगळा.

दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. समजा, सामानाचं कारण दाखवून समोरच्यानं ८० लाखांची जागा ६० लाखांत मागितली, आणि तुम्ही तेवढेच पैसे चेकनं, अगदी सचोटीनं घेतले. रेडी रेकनरनं, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरपत्रकानं, त्या फ्लॅटची किंमत ८० लाख धरली असेल, तर मुद्रांक शुल्क तर ८० लाखांवर लागेलच, पण तुमचा भांडवली नफाही ८० लाख मिळाले असं धरून मोजला जाईल, कारण फरक १० टक्क्यांहून जास्त आहे. रेडी रेकनर इमारतीच्या वयाची घट धरतो, आतल्या गठ्ठ्यांची धरत नाही. प्राप्तिकर अधिकाऱ्याकडे मूल्यांकन अधिकारी मागता येतो, पण तो झगडा तुम्हाला करावा लागतो.

मुलं परदेशात असतील तर रोख आणखीच निरुपयोगी. वारसानं आलेलं घर विकून मिळालेले पैसे एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या इथल्या रुपयांतल्या बँक खात्यातून, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, पण ते बँकेतून आलेले आणि कर भरलेले असावे लागतात.

‘आहे तसं विकलं की जबाबदारी संपली.’ मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे आणि आजही लागू आहे. घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा, पण तुम्हाला माहीत असलेला मोठा दोष दडवला तर तो कायदा त्याला कपट म्हणतो. कपाटाआड स्लॅब गळतो आहे, बाल्कनीबद्दल महापालिकेची नोटीस आलेली आहे, हे करारात लिहूनच द्या. लिहिलेल्या दोषाबद्दल नंतर भांडण काढणं अवघड जातं.

‘आठवड्यात व्यवहार पूर्ण.’ यातले बरेच ‘खरेदीदार’ घर घेतच नाहीत. थोडा इसार देऊन तुमच्याकडून कुलमुखत्यारपत्र आणि साधा करार करून घेतात, घर रिकामं करतात आणि खरं गिऱ्हाईक शोधून वरचा फरक खिशात घालतात. तोपर्यंत नोंदीत मालक तुम्हीच, सोसायटीची थकबाकीही तुमच्याच नावावर. नुसत्या कुलमुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र न करता हिंदू वडील वारले तर पत्नी, मुलगे आणि मुली यांचा त्यांच्या घरात सारखा हिस्सा असतो. एका मुलानं घाईत सही केली म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही.

‘म्हाताऱ्या माणसाला विचारत बसू नका.’ साठवणारी आई अजून त्याच घरात असते तेव्हा हा सल्ला मला असह्य होतो. वस्तू टाकता न येणं हा हट्टीपणा नाही. २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत तो स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यावर समुपदेशनानं सावकाश उपचार करता येतात. ती दवाखान्यात असताना घर परस्पर रिकामं केलं तर तिचा विश्वास तुटतो, त्रास वाढतो आणि साठवणं बहुतेकदा पुन्हा सुरू होतं. आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. मग गॅसजवळचे कागद, दाराची वाट, पलंगाभोवतीची जागा एवढंच, तिच्या समोर, तिला विचारून मोकळं करा. घर तिच्या नावावर असेल तर दुय्यम निबंधकासमोर सही आणि अंगठा तिचाच लागतो. तिनं तिथे ‘मला विकायचं नाही’ म्हटलं की नोंदणी थांबते, आणि मुलानं परस्पर घेतलेला इसार परत मागायला तोच रोखवाला दुसऱ्या दिवशी तिच्या दारात येतो.