तीन चंद्र आहेत, माणूस कुठाय?

सगळे डोक्यावर घेऊन नाचतायत ती कादंबरी आज पणजीला पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अर्ध्यावरच परत करून आले. चिडलेय, म्हणून लिहितेय.

सात राज्यं, तीन चंद्र, उडते किल्ले. कल्पनाशक्ती अफाट आहे, मान्य. पण पानंच्या पानं उलटली तरी कुणाला भूक लागत नाही, कुणाचे पाय दुखत नाहीत. नायक मरतो आणि पुढच्या प्रकरणात मंत्राने उठून बसतो. मग मी कुणासाठी जीव मुठीत धरायचा?

पेडण्याच्या घरी आजी आम्हाला वेताळाची गोष्ट सांगायची. तो गावाचा राखणदार, रात्री सीमेवरून फिरतो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. आजी सांगायची त्याच्या वहाणांबद्दल. चालून चालून झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. आम्ही पोरं अंथरुणात जागी. नव्या वाहीपर्यंत तो अनवाणीच फिरत असेल का? काटा रुतत असेल का?

इथे पानापानावर महाशक्तिमान येतात, एकाचीही वहाण झिजत नाही! वंशावळी मात्र पणजोबांपर्यंत.

एक मैत्रीण म्हणाली, मराठीत असलं लिहिणारे कमी, सांभाळून घे. का म्हणून? १८६१ची ‘मुक्तामाला’, १८६८ची ‘मंजुघोषा’. आपली कादंबरी बाळपणापासून अद्भुतात रमलेली आहे. अशा जगात शिरायला वेळ लागतो म्हणे. लागत असेल. आजीला दोन वाक्यं पुरायची.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? मध्येच एक नावाडी येतो. तीन चंद्रांमुळे भरतीचा अंदाज चुकतो, होडी लावायची कुठे कळेना म्हणून रडतो बिचारा. आपल्याकडे एकाच चंद्रावर पुनवेला नि अमावास्येला उधाण येतं, तिथे काय होत असेल! मी अक्षरशः सावरून बसले. आजीच्या वेताळासारखाच हा, पायाखाली जमीन शोधणारा. आणि दोन पानांत तो गायब! पुन्हा किल्ले, पुन्हा मंत्र.

म्हणजे ह्या लेखकाला येतं हो. हातात आहे त्याच्या. म्हणूनच जीव तुटतो.

पुढचा भाग लिहीत असाल तर राज्यं हवी तेवढी वाढवा, पण त्या नावाड्याला परत आणा. त्याच्या घरी कोण आहे, तिन्ही चंद्र एकदम वर आले की तो होडी काढतो की उपाशी झोपतो, ते मला वाचायचंय.