झोतांचा उल्लेख राहिला

तारे कसे जन्मतात यावरचा तुमच्या अंकातला लेख आवडला, पण ‘वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाने आकसतो आणि तारा जन्मतो’ एवढ्यावर तो थांबायला नको होता. नुसतं गुरुत्व धरून संगणकावर अशा ढगाची नक्कल चालवली तर तारे भराभर तयार होतात. प्रत्यक्षात ढगातला थोडाच वायू ताऱ्यांच्या वाट्याला येतो. २०२१ साली जाहीर झालेल्या ‘स्टारफोर्ज’ या संगणकी नकलेत (सिम्युलेशनमध्ये) चुंबकीय क्षेत्र, प्रारण (ताऱ्याचा प्रकाश नि उष्णता), ताऱ्यांवरून वाहणारे कणांचे वारे आणि जन्मत्या ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांकडून सुटणारे वायूचे झोत हे सगळं एकत्र घेतलं. झोत वगळले तर तारे सूर्याच्या सुमारे दहापट वजनाचे झाले; धरले तर सूर्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे आत येणारा वायू तारा स्वतःच उधळून लावतो! मला तर हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.

नाशिककरांनी थंडीत शहराचा उजेड मागे टाकून अंजनेरीकडे जावं आणि मृगातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली दुर्बीण लावावी. तिथे दिसणारा धुरकट ठिपका म्हणजे सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, वायू-धुळीचा चमकता ढग, आणि तिथे आजही तारे घडताहेत. लहान दुर्बिणीतही त्याच्या गाभ्यातले चार तरुण तारे वेगवेगळे दिसतात. मुलांना जरूर न्या. आणि लेखकांनी झोतांवर पुढचा लेख लिहावा, ही मनापासून विनंती.