मुलाम्यात पैसे गुंतवू पाहणाऱ्यांसाठी

खरं सोनं घेण्याचा वेडेपणा करणाऱ्यांनी हे वाचू नये. मखमली डबीतलं, 'मर्यादित आवृत्ती' असं छापलेलं नाणं घेऊन पुढच्या सात पिढ्यांची सोय लावायची असेल, तरच पुढे चला.

पहिलं म्हणजे, '२४ कॅरेट' एवढंच वाचा. खाली मुंगीच्या अक्षरात 'मुलामा' असं लिहिलेलं असतं, त्यासाठी चष्मा शोधत बसू नका.

वजन करू नका. त्याच आकाराचं तांब्याचं नाणं सोन्याच्या निम्मंही भरत नाही. काटा फार चुगलखोर.

लोहचुंबक मात्र जरूर लावून बघा. तांबं-पितळही त्याला चिकटत नाही, म्हणजे निकाल कायम आपल्याच बाजूनं.

प्रमाणपत्र तर लॅमिनेट करून ठेवा. त्यावर सही विकणाऱ्याचीच असते. त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला असणार? माझ्या मावशीकडे अशा प्रमाणपत्रांसकट आख्खा संच आहे. अडीनडीला मोडता येईल म्हणून जपलेला. परवा मी तो सराफाकडे घेऊन गेलो. त्यानं कसोटीला हातही लावला नाही. नाण्याच्या कडेवर, जिथं बोटं लागतात तिथं, लालसर तांबं डोकावत होतं, तेवढं दाखवलं. वर म्हणाला, "डबी छान आहे."

आता जरा हिशोब करू. स्वस्त मुलाम्याचा थर पुष्कळदा ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ४० मिलिमीटर व्यासाचं नाणं घ्या. दोन्ही बाजू आणि कड मिळून साधारण २९ चौरस सेंटिमीटर. सोन्याची घनता १९.३, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं वजन १९.३ ग्रॅम. गुणाकार केला की हाती येतं पाचेक मिलिग्रॅम सोनं! अशी २०० नाणी गोळा करा, तेव्हा कुठे एक ग्रॅम. तेही तांब्यावरून सोडवून काढायचा खर्च वेगळाच. आणि डबीवर काय छापलंय? '१०० मिल्स शुद्ध सोनं'. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग असेल तर १०० मिल्सचे झाले अडीच मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे मिळून पाच. आख्खं नाणं तीन मिलिमीटरचं आहे हो! कुणाच्या डोळ्यात धूळ फेकताय?

दागिन्यांवर जीपी, जीईपी, एचजीई अशी, 'फक्त मुलामा आहे' हे सांगणारी इंग्रजी अक्षरं दिसली तर कारागिराची आद्याक्षरं समजा.

घरात जुनं दुर्मीळ नाणं असेल तर त्यालाही सोन्याचं पाणी द्या. संग्राहक पुन्हा दारात उभे राहणार नाहीत.

१८८३ साली अमेरिकेत पाच सेंटच्या नव्या नाण्यावर 'सेंट' हा शब्दच नव्हता, नुसता रोमन पाच. भामट्यांनी त्याला मुलामा दिला आणि पाच डॉलरचं म्हणून खपवलं. सरकारला त्याच वर्षी शब्द घालावा लागला. त्या बिचाऱ्यांना लपूनछपून धंदा करावा लागला. आता रंगीत जाहिरात करून होतो.

पुरे. मुलाम्याचा दागिना हौसेनं घालावा, त्यात काही वाईट नाही. चांदीवर अडीच मायक्रॉनचा थर असेल तर तो टिकतोही. पण म्हाताऱ्या माणसाला तीच वस्तू 'ठेव' म्हणून विकताना लाज नाही वाटत? आणि घेणाऱ्यांनो, तोंडाला कुलूप लावलंय का? बिलावर सोन्याचं वजन ग्रॅममध्ये लिहून मागा. परत घेताना काय भाव देणार, ते विकणाऱ्यालाच विचारा. तो डबीबद्दल बोलायला लागला, तर उठून चालू लागा.