नक्कल म्हणाल, तर फाळक्यांचं काय करणार?

माझा मावसभाऊ नाशिकला असतो. बँकेची नोकरी सांभाळून तो वर्षानुवर्षं नाटक करत आलाय, राज्य नाट्य स्पर्धेत त्याला दिग्दर्शनाचं बक्षीसही मिळालंय, आणि सध्या एका मराठी चित्रपटाची संहिता घेऊन निर्मात्यांचे उंबरठे झिजवतोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांवरचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट आला तेव्हा मी त्याला न्यू जर्सीहून उत्साहाने फोन केला. दादा, पाहिलास का? दादा तडकलाच. म्हणाला, मालेगावच्या पोरांनी दुसऱ्यांच्या सिनेमांच्या नकला केल्या, त्यात कसली आलीय कला? आणि त्यांचे गोडवे गाऊन तुम्ही आमची वाट बंद करता. त्यांनी पन्नास हजारांत केला, मग तुम्हाला एवढे पैसे कशाला, असं एका निर्मात्याने त्याला तोंडावर ऐकवलं होतं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तिकडे बसून गरिबीचं कौतुक करायला तुमचं काय जातं?"

त्या वाक्याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मालेगावात नासिर शेख नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवायचा. दोन व्हीसीआर जोडून सिनेमे कापता कापता तो एडिटिंग शिकला. २००० च्या सुमाराला त्याने मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला, सुमारे पन्नास हजार रुपयांत. घोडे परवडत नव्हते, म्हणून त्याचे डाकू सायकलवर आले. नट सगळे गावातलेच, बरेचसे पॉवरलूमवर राबणारे. लूमला शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सिनेमा. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. तो कसा झाला याचा माहितीपट फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये केला. त्यात सायकल ट्रॉलीचं काम करते, बैलगाडी क्रेनचं, आणि सुपरमॅनला उडवण्यासाठी हिरवं कापड ताणलेलं दिसतं.

आता माझं. मी सटाण्याची. मालेगाव आमच्यासाठी जवळचं मोठं गाव, एसटीने तासाभराचं. लग्नाचा बस्ता, मोटारपंपाचे सुटे भाग, डोळ्यांचा डॉक्टर, सगळं मालेगावला. पण आम्ही मोसम नदीच्या एका बाजूला जाऊन उजेड असेतो परत यायचो. पलीकडे रात्रंदिवस लूमचा खडखडाट चालतो एवढंच ठाऊक होतं. तिथली माणसं शुक्रवारी रांगा लावून काय पाहतात, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. पुढे २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट झाले आणि इथे ऑफिसात 'तुझं गाव कुठे' या प्रश्नाला मी नुसतं नाशिक म्हणू लागले. माझ्या शेजारच्या गावाचा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो न्यू जर्सीत, लॅपटॉपवर, रात्री भांडी डिशवॉशरला लावून झाल्यावर. आणि रडले. दादाला मी हे सांगितलेलं नाही. त्याने ते गरिबीच्या कौतुकातच जमा केलं असतं.

मला त्या पोरांमध्ये जे दिसतं त्याचा गरिबीशी संबंध फार थोडा आहे. ते कळायला इथलंच एक उदाहरण घेते. न्यू जर्सीतल्या पार्कवे या महामार्गावर ११७ नंबरच्या फाट्याला उतरून रूट ३६ धरला की लिओनार्डो हे गाव लागतं. मुलाची सॉकरची मॅच त्या बाजूला असली की आम्ही तिथून जातो. तिथल्या क्विक स्टॉप नावाच्या साध्या दुकानात, पुढे दिग्दर्शक झालेला केव्हिन स्मिथ काउंटरवर उभा राहायचा. त्याने 'क्लर्क्स' हा आपला चित्रपट त्याच दुकानात केला. खर्च २७,५७५ डॉलर, क्रेडिट कार्डांवर आणि स्वतःची कॉमिक्स विकून उभा केलेला. दिवसा दुकान चालू, म्हणून शूटिंग रात्री. पण गोष्ट तर दिवसाची. मग त्याने कथेतच घातलं की कुलपांत कुणीतरी च्युइंगम भरलंय आणि शटर उघडत नाहीत. बाहेरचा अंधार दिसायचा प्रश्नच मिटला. चित्रपट कृष्णधवल, कारण तेवढंच परवडत होतं. १९९४ मध्ये तो सनडान्स चित्रपट महोत्सवाला गेला आणि विकला गेला. आजही लोक त्या दुकानासमोर फोटो काढायला येतात. स्मिथचं रेड बँकला कॉमिक्सचं दुकान आहे, आणि जवळच्या अटलांटिक हायलंड्समधलं जुनं थिएटर त्याने मित्रांबरोबर २०२२ मध्ये विकत घेतलं. गावाने त्याला आपला मानलं आणि त्यानेही गावाशी नातं तोडलं नाही.

शटरची ती युक्ती मी माझ्या कामात रोज वापरते. एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम करते मी. आमची सिस्टीम अमुक वेळेला बंदच असणार, तमुक डेटा मिळणारच नाही, हे आधी मान्य करायचं आणि रचनाच त्यावर बेतायची. आमच्या पुण्याच्या टीमशी बोलताना मला सारखं जाणवतं की हुशारी त्यांच्याकडे आमच्यापेक्षा कमी नाही, पण वरून मंजुरी येईपर्यंत हात बांधून बसायची सवय फार खोल गेलीय. इथे माझा मुलगा शाळेतून कॅमेरा घरी आणतो, लायब्ररीत माइक मिळतो, आणि वाईट फिल्म केली म्हणून त्याला कुणी हसत नाही. दादाला मी हेच म्हणत होते. तू संहितेतला पावसाळी रात्रीचा प्रसंग पैशांसाठी सहा वर्षं धरून बसलायस. तो दिवसा, कोरड्या अंगणात घडला तर काय होईल, एवढं तरी बघ.

आणि नक्कल? हे तो नाशिकमध्ये राहून म्हणतो याचं मला सर्वांत वाईट वाटतं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा विलायती चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले. चाहत्याचं वेड ते हेच. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडण्याचं कामही शिकून घेतलं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून खानावळीत काम करणारे साळुंके उभे राहिले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. एकाच जिल्ह्यातल्या माणसांच्या हातून शंभर वर्षांच्या आत दोनदा तेच घडलं. पहिल्याचं आपण पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक बांधलं आणि दुसऱ्याला मुंबईने सिनेमा काढेपर्यंत ओळख दाखवली नाही.

खुद्द सुपरमॅनची गोष्टही हीच आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या शाळेत जाणारा जेरी सीगल विज्ञानकथांचा इतका वेडा होता की मित्रांना घेऊन सायक्लोस्टाइलवर स्वतःचं मासिक काढायचा. १९३३ मध्ये त्या मासिकात त्याची सुपरमॅन नावाची पहिली कथा आली, चित्रं जो शुस्टरची. त्यातूनच पुढे आपल्या ओळखीचा सुपरमॅन घडला. म्हणजे हिरवं कापड लावणाऱ्या मालेगावच्या पोरांनी एका चाहत्याचंच काम पुढे नेलं. यात चोरी कुठे आली?

पण एक गोष्ट दादाची बरोबर आहे, आणि ती मी टाळणार नाही. सुपरमॅन झालेला शफीक शेख लूमवर काम करायचा. २०११ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने तो गेला. टाळ्यांनी त्याचा आजार बरा झाला नाही. सीगल आणि शुस्टर यांनीही १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क एका कॉमिक्स कंपनीला १३० डॉलरला देऊन टाकले आणि पुढे म्हातारपणी हलाखीत दिवस काढले. अमेरिका तिथे काही फार थोर वागली नाही. मात्र १९७५ मध्ये व्यंगचित्रकार, पत्रकार आणि चाहते त्यांच्यासाठी उभे राहिले, आणि कंपनीला दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर पेन्शन द्यावी लागली, चित्रकथांवर नावंही परत घालावी लागली. चाहता असणं मला एवढं महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. आपल्याकडेही हे घडलेलं आहे. 'श्वास' ऑस्करला निघाला तेव्हा २००४ मध्ये लोकांनी वर्गणी काढली होती. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम मिळावा म्हणून २०१५ मध्ये सरकारी आदेश निघाला, त्यावर केवढं रण माजलं. आदेशाने पडदा मिळतो. खुर्चीत माणूस बसवायचा तर वर्गणी देणारी ती माणसंच लागतात, आणि ती माझ्यासारखी दूर असली तरी मोजली गेली पाहिजेत.

हे लिहिताना मला कळतंय की मी माझीच बाजू मांडते आहे. तिथला माझा पत्ता गेला, मतदार यादीतलं नाव गेलं, सटाण्याचं घर चुलत्यांच्या वाटणीत गेलं. उरलंय ते पाहणं, ऐकणं, वेड लागणं. मराठी सिनेमा इथे लागतो तो रविवारी दुपारी एक खेळ, तोही पुरेशी तिकिटं आधी खपली तर. मी चाळीस मैल गाडी हाकत जाते. सिनेमा बरा नसला तरी जाते. दादा जेव्हा 'तुम्ही लोक' म्हणतो तेव्हा तो मला त्या खुर्चीवरूनही उठवतो.

आणि इथले आपले लोक तरी काय करतात! आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मालेगावचा माहितीपट दाखवू, असं मी सुचवलं. पहिला प्रश्न आला, यात मराठी कुठे आहे? दुसरा आला, नट-नटी येणार आहेत का? मी म्हटलं, मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, माझ्या माहेराहून तासावर, आणि जी भाषा ही पोरं बोलतात ती मी लहानपणी बसस्टँडवर रोज ऐकलीय. मी महाराष्ट्र म्हणते तेव्हा त्यात नदीच्या दोन्ही बाजू धरते. तिकडे राहत असताना एवढं स्पष्ट बोलायची वेळ माझ्यावर आली नव्हती. इथे येऊन आली.

विषय पुढच्या बैठकीवर ढकललाय. मी तो पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी जोडीला दादाची एक एकांकिकाही सुचवणार आहे. तिला सेट लागत नाही, तीन माणसं आणि एक बाक पुरतो. सभागृह मिळालं नाही तर आमचं बेसमेंट आहे. तालमी आम्ही तिथेच करतो, वीस खुर्च्या बसतात, आणि पार्किंगसाठी शेजाऱ्यांना मी आधीच विचारून ठेवलंय.