व्हीगन मित्रमैत्रिणींनो, बी-१२ ची गोळी घेताय ना?

व्हीगन आहार, म्हणजे मांस-अंडीच नाही तर दूध-दहीसुद्धा वगळलेला आहार, चांगला की वाईट, यावर दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि जे सांगायलाच हवं ते नेमकं राहून जातं. मी स्वतः व्हीगन आहे, म्हणून आधी आपल्याच लोकांशी बोलते.

बी-१२ हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवतात ना प्राणी. ते जिवाणू बनवतात. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं, म्हणून मांस, अंडी, दुधातून मिळतं. वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पूरक पदार्थावर विसंबू नका, त्यात असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला निरुपयोगी. मोठ्या माणसाला दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम लागतं आणि यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. घात होतो तो इथेच. सुरुवातीचा काळ मजेत जातो, "मला कुठे काय झालं?" असं छातीठोकपणे सांगता येतं. मग कधीतरी तळपायांना मुंग्या येऊ लागतात, अंधारात चालताना तोल जातो. त्यात आपल्या जेवणात फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) भरपूर, त्यामुळे रक्तातली लक्षणं, म्हणजे रक्तक्षय, झाकली जातात आणि नसा मात्र आतून खराब होत राहतात. उशीर झाला तर ते नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

"गोळी लागते म्हणजे आहारच अनैसर्गिक" हा टोमणा नको म्हणून कित्येक जण ही गोष्ट बोलतच नाहीत. मला याचा मनापासून राग येतो. आपली बाजू राखायला दुसऱ्याच्या नसा पणाला लावायच्या?

फायदे खोटे नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेतल्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला ८ आठवडे व्हीगन आहार दिला आणि दुसऱ्याला सर्व प्रकारचा, पण तोही आरोग्यदायीच. व्हीगन भावंडांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल जास्त उतरलं. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं. पण २०२० साली ऑक्सफर्डच्या मोठ्या पाहणीत व्हीगन लोकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहारी लोकांच्या दुपटीहून जास्त दिसलं. वजन, कॅल्शियम आणि प्रथिनं हिशेबात धरल्यावर फरक कमी झाला, पुसला गेला नाही. तेव्हा सोया किंवा ओटचं दूध घेताना त्यात कॅल्शियम घातलंय का ते पाहा, आणि ओतण्याआधी डबा चांगला हलवा. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, न हलवता प्यायलात तर ते डब्यातच राहतं.

लोहासाठी डाळी-कडधान्यांवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा-कॉफी नको. आयोडीनचं मीठ वापरा. आणि हो, व्हीगन लिहिलेले चिप्सही चिप्सच असतात.

गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की मी व्हीगन आहे. आईला बी-१२ कमी पडलं तर बाळालाही कमी पडतं, आणि तान्ह्या बाळाकडे मोठ्यांसारखा वर्षानुवर्षांचा साठा नसतो.