कोआलाचे छायाचित्र आणि कुंपणाआडचे प्राणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधील एका वन्यजीव उद्यानात आम्ही घालवलेल्या दिवसाविषयी मी लिहिले होते. त्यावर आपण म्हटले आहे की, कोआलाला कवेत घेऊन छायाचित्र काढणे हे प्राणिप्रेम नव्हे, कांगारूंना हातांनी भरवल्याने मुलांना निसर्ग कळत नाही, आणि ज्यांना हे प्राणी पाहायचे असतील त्यांनी रानात जावे, अशी उद्याने बंदच व्हावीत. आपला पहिला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते आणि तिथूनच उत्तराला सुरुवात करते.

‘तो माझ्या खांद्यावर अगदी शांत बसला होता’ असे मी लिहिले होते. कोआला निलगिरीच्या पानांवर जगतो. त्या पानांत पोषण थोडे आणि विषारी द्रव्ये पुष्कळ असल्यामुळे अंगातली शक्ती जपण्यासाठी तो दिवसाचे 18 ते 20 तास झोपून काढतो. अशा प्राण्याच्या निश्चलतेवरून तो खूश आहे असा अर्थ काढणे, ही माझी चूक होती. न्यू साउथ वेल्समध्ये पर्यटकांना कोआला हातात घेता येत नाही. क्वीन्सलँडमध्ये त्याला परवानगी आहे, परंतु एका प्राण्यामागे दिवसाला 30 मिनिटांची मर्यादा आहे. ब्रिस्बेनच्या ‘लोन पाइन’ या कोआला अभयारण्याने तर परवानगी असूनही 2024 मध्ये ही प्रथा स्वतःहून थांबवली. हे अभयारण्य 1927 मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्वीन्सलँड सरकारने कातड्यासाठी कोआलाची शिकार खुली करून पाच लाखांहून अधिक प्राणी मारू दिले होते. हा इतिहास मला ठाऊक असता, तर त्या रांगेत मी उभी राहिले नसते.

कांगारूंविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. त्या उद्यानात कांगारू मोठ्या कुरणात मोकळे होते आणि कुरणाचा मागचा भाग दोरी बांधून केवळ त्यांच्यासाठी राखलेला होता, जिथे पाहुण्यांना पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. माझी मुलगी तळहातावर खाद्य घेऊन बराच वेळ थांबली. एका मादीने जवळ येऊन हात हुंगला आणि न खाताच ती दोरीपलीकडे निघून गेली. मुलगी हिरमुसली, तेव्हा तिथल्या कर्मचारी ताईंनी तिला समजावले की, त्या मादीला आत्ता खायला नको आहे आणि आपण तिच्या मागे जायचे नसते. घरून आणलेला ब्रेड का देऊ नये, हेही त्यांनीच सांगितले: तशा मऊ अन्नामुळे कांगारूंच्या जबड्याला जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. प्राण्याला नकार देण्याची आणि दूर जाण्याची सोय आहे की नाही, ही माझ्या मते खरी कसोटी आहे. कुरणातल्या त्या मादीला ती सोय होती, माझ्या खांद्यावरच्या कोआलाला नव्हती.

उद्याने बंद करण्याविषयी लिहिताना आपण टास्मानियन डेव्हिलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या लहानशा मांसाहारी प्राण्याचा, विचार केलेला दिसत नाही. या प्राण्याच्या तोंडावर गाठी आणणारा कर्करोग 1996 मध्ये प्रथम दिसला. तो एकमेकांना चावताना पसरतो, आणि त्याने टास्मानियातील रानटी डेव्हिलांची संख्या पार खाली आणली. जात टिकावी म्हणून निरोगी डेव्हिलांना वेगळे ठेवून वाढवण्याचे काम मुख्य भूमीवरील प्राणिसंग्रहालये आणि उद्याने वर्षानुवर्षे करीत आली आहेत. अशाच बंदिस्त वाढवलेल्या काही डेव्हिलांना 2012 मध्ये टास्मानियाजवळच्या मरिया बेटावर सोडण्यात आले. तिथे ते वाढले खरे, परंतु त्या बेटावरची छोट्या पेंग्विनांची वसाहत त्यांच्यामुळे नाहीशी झाली. त्यामुळे हे काम निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, मात्र कुंपणाशिवाय ते कसे झाले असते, हे आपल्या प्रतिक्रियेत कुठेच सांगितलेले नाही.

शिवाय रानात गेल्याने पर्यटकाचा हात आपोआप आवरला जातो, हेही खरे नाही. क्वीन्सलँडच्या कगारी बेटावर लोकांनी खाऊ घातल्यामुळे डिंगोंची, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यांची, माणसांविषयीची भीती गेली. 2001 मध्ये तिथे डिंगोंच्या हल्ल्यात एका लहान मुलाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तीसहून अधिक डिंगोंना मारण्यात आले. तिथे एकही पिंजरा नव्हता.

तरीही रानात जाऊन लांबून पाहण्याचा आपला आग्रह मला मोलाचा वाटतो. क्वीन्सलँडमधल्याच युंगेला राष्ट्रीय उद्यानात ब्रोकन नदीकाठी पहाटे किंवा सांजवेळी शांत उभे राहिले, तर पाण्यावर आलेला प्लॅटिपस, म्हणजे बदकासारखी चोच असलेला सस्तन प्राणी, दिसू शकतो. पुढच्या प्रवासात आम्ही तिथे थांबणार आहोत.

कोआलासोबतचे छायाचित्र मी लेखातून वगळले आहे आणि ते का वगळले, हे त्याच जागी लिहिले आहे. कांगारूंच्या कुरणाचा भाग तसाच ठेवला असून मुलीच्या हातावर तसेच राहिलेले खाद्य, जे मी आधी गाळले होते, ते आता त्यात आले आहे.